कुडाळ स्टेशन : मालवण-वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांसाठी गाड्या, तारखा आणि पुढचा रस्ता

कर्लीकाठ

मालवणला रेल्वे नाही, वेंगुर्ल्याला नाही, देवगडलाही नाही. तरी दर सुट्टीच्या आधी 'मालवणची गाडी कुठली?' हा प्रश्न येतोच. उत्तर बहुतेक वेळा 'कुडाळ' असं एका शब्दात दिलं जातं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. म्हणून हा धागा.

आधी स्टेशनांचा क्रम डोक्यात बसवा. मुंबईकडून येताना सिंधुदुर्ग जिल्ह्यात ओळीने लागतात ती अशी : खारेपाटण रोड, वैभववाडी रोड, आचिर्णे, नांदगाव रोड, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी रोड, मडुरे. त्यानंतर गोव्यातलं पेडणे. नावात 'रोड' आलं की समजायचं, गाव स्टेशनाला लागून नाही. सावंतवाडी रोड प्रत्यक्षात मळगावात आहे, सावंतवाडी शहर तिथून सहा-सात किमी. 'सिंधुदुर्ग' नावाच्या स्टेशनाचा सिंधुदुर्ग किल्ल्याशी काही संबंध नाही. ते ओरोसचं, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयाचं स्टेशन. किल्ला मालवणच्या समुद्रात. नाव वाचून तिकीट काढणारे इथेच फसतात.

कुडाळची जमेची बाजू अशी, की स्टेशन गावाजवळ आहे आणि इथून तीन रस्ते समुद्राकडे जातात.

१) मालवण : कुडाळ – नेरूरपार – धामापूर – चौके – कुंभारमाठ – मालवण. साधारण २८-३० किमी. तारकर्ली-देवबागला जायचं तर मालवणातून पुढे दक्षिणेला.
२) परुळे पट्टा : कुडाळ – पाट – परुळे. भोगवे, निवती, चिपी विमानतळ हे सगळं या बाजूला. मालवणला जाऊन पुन्हा इकडे येणं म्हणजे कर्लीच्या खाडीला वळसा, उगाच.
३) वेंगुर्ला : कुडाळ – पिंगुळी – मठ – वेंगुर्ला.

आता गाड्या. मुंबईहून कोकणकन्या (२०१११) रात्री ११:०५ ला सीएसएमटीहून निघते आणि सकाळी आठच्या आसपास कुडाळला येते. मालवणला जाणाऱ्यांसाठी हीच सर्वात सोयीची, कारण पुढे एसटीचा अख्खा दिवस हातात असतो. तुतारी (११००३) दादरहून रात्री १२:०५ ला निघते. मांडवी (१०१०३) सीएसएमटीहून सकाळी ७:१० ला निघून दुपारी उशिरा येते. जनशताब्दी (१२०५१) आणि तेजस (२२११९) पहाटे सुटतात, दुपारी पोचतात. तेजस रोज नाही, वार बघा. दिवा–सावंतवाडी (१०१०५) सकाळी दिव्याहून सुटते, जवळजवळ प्रत्येक स्टेशनावर थांबते आणि संध्याकाळी येते. वंदे भारत (२२२२९) कुडाळला थांबत नाही, जिल्ह्यात फक्त कणकवलीला थांबते.

वेळा अंदाजे दिल्यात, आणि त्या बिगरपावसाळी आहेत. पावसाळी वेळापत्रकाचं वेगळं लिहायला हवं. माहीतगारांनी भर घालावी.

---

शेवटचा_डबा

चांगला धागा. तुतारीच्या वेळेवर जरा थांबायला हवं, कारण सर्वात जास्त तिकिटं तिथे फुकट जातात.

१२:०५ म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर. शुक्रवारी रात्री जेवून दादरला जायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. कोकणकन्या मात्र ११:०५ ची, म्हणजे तिला शुक्रवारचीच तारीख. दोन्ही गाड्या एकाच रात्रीच्या, तासाभराच्या अंतराने, पण तारखा दोन.

---

खाजेवाला

ह्यो घोळ दर गणपतीक होता. तिकीट ११ तारखेचा, मोबाईलात तारीख पण ११च, माणूस रात्री पावणेबाराक पिशये घेवन दादरच्या फलाटार हुबो. गाडी खंय? ती कवाच सावंतवाडेक जावन धुवन-पुसून परत येवक निघाली!

---

शेवटचा_डबा

@खाजेवाला, अगदी. आणि असं तिकीट रद्दही होत नाही, कारण गाडी सुटून गेलेली असते.

याच घोळाची चांगली बाजूही सांगतो. तत्काळचं आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं : एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. शुक्रवार रात्रीच्या कोकणकन्येचं तत्काळ गुरुवारी सकाळी. तेव्हा नाही मिळालं तर त्याच रात्रीच्या तुतारीला शनिवारची तारीख असल्यामुळे तिचं तत्काळ शुक्रवारी सकाळी उघडतं. एकाच रात्रीच्या प्रवासासाठी दोन दिवशी दोन संधी. बरेच जण गुरुवारी हात हलवत परत येतात आणि बसचं तिकीट काढतात.

१ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि पहिली ३० मिनिटं दलालांना बंद आहेत. आधार जोडणी आधीच करून ठेवा. सकाळी १०:५८ ला ओटीपीची वाट बघण्यात अर्थ नाही.

---

मोगरणा

केरळकडून येणाऱ्या गाड्यांना हा तत्काळचा हिशेब उलटा लागतो. 'आदला दिवस' हा गाडी मूळ स्टेशनातून सुटते त्याच्या आदला, तुम्ही चढता त्याच्या नव्हे. नेत्रावती तिरुवनंतपुरमहून सुटते आणि कणकवलीला दुसऱ्या दिवशी पोचते. म्हणजे कणकवलीहून चढायचं तर तत्काळ चढण्याच्या दोन दिवस आधी उघडलेलं असतं. एक दिवस आधी बघितलं की 'संपलं' दिसतं आणि लोक रेल्वेच्या नावाने बोटं मोडतात.

---

घाटमाथ्यावरून

प्रश्न : गणपतीचं आरक्षण कधी उघडतं ते नीट कोणी सांगेल का? पूर्वी १२० दिवस होते.

---

कर्लीकाठ

१ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झाले आहेत, प्रवासाचा दिवस न धरता. सकाळी ८ ला उघडतं.

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्यामुळे शुक्रवार ११ च्या रात्रीची गर्दी सर्वात मोठी असणार. कोकणकन्या, तारीख ११ सप्टेंबर : आरक्षण १३ जुलैला उघडेल. त्याच रात्रीची तुतारी, तारीख १२ सप्टेंबर : १४ जुलैला. इथेही दोन सकाळी दोन संधी. परतीचंही आत्ताच मोजून ठेवा. पाच दिवसांचे गणपती आणि गौरी-गणपती झाले की मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना येताना होती त्याहून जास्त झुंबड असते, कारण येताना लोक चार-पाच दिवसांत विभागून येतात आणि परत मात्र सगळे एकाच रविवारी.

गणपती विशेष गाड्या वेगळ्या जाहीर होतात. त्यांचं आरक्षण जाहीर केलेल्या दिवशी उघडतं, ६० दिवसांचा नियम त्यांना लावू नका. नियमित गाडीचं प्रतीक्षायादीचं तिकीट हातात असलं तरी विशेष गाडी जाहीर झाली की आधी ती बघायची.

---

रुळमोजणी

प्रतीक्षायादीचा प्रकार वाचायला शिका, नुसता आकडा बघू नका. वेटिंग २० आणि वेटिंग २० सारखं नसतं.

जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण यादी. गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनातून (किंवा त्याच्या आसपासच्या) लांबच्या प्रवासाला ही मिळते. सर्वात मोठा कोटा तिचा, म्हणून रद्द होणारी तिकिटंही तिच्यातच जास्त आणि यादी पुढे सरकते. पीक्यूडब्ल्यूएल ही मधल्या स्टेशनांच्या एकत्रित कोट्याची यादी. कोटा लहान, यादी जेमतेम सरकते. आरएलडब्ल्यूएल मधल्या मोठ्या स्टेशनाच्या स्वतःच्या कोट्याची. तत्काळची टीक्यूडब्ल्यूएल तर जवळजवळ सरकतच नाही, त्यात पैसे अडकवू नका.

मडगावपर्यंत जाणाऱ्या गाडीत कुडाळचं तिकीट काढताना मधल्या कोट्यात टाकलं जाण्याची शक्यता असते. तुतारीचा मार्गच दादर ते सावंतवाडी एवढा आहे, गोव्याला जाणारे तिच्यात नसतातच. तिची सगळी आसनं कोकणाच्या वाट्याला येतात. म्हणून गर्दीच्या दिवसांत तुतारीचं वेटिंग ४० हे कोकणकन्येच्या पीक्यूडब्ल्यूएल १५ पेक्षा बरं असू शकतं.

परतीला एक उपाय आहे. कुडाळ–मुंबई मिळत नसेल तर मडगाव–मुंबई बघा. मिळत असेल तर काढा आणि बोर्डिंग स्टेशन (चढायचं स्टेशन) कुडाळ करा. भाडं मडगावपासूनचं पडतं. बदल आरक्षणाचा तक्ता लागायच्या आत करायचा, शक्यतो २४ तास आधीच. आणि एकदा बदल केला की मूळ स्टेशनातून चढायचा हक्क राहत नाही. बोर्डिंग न बदलता 'कुडाळला चढू की' म्हणून बसून राहिलात तर तोपर्यंत टीसीने बर्थ पुढच्या माणसाला दिलेली असू शकते, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं.

---

घाटमाथ्यावरून

धन्यवाद. खिडकीवरून काढलेलं वेटिंगचं तिकीट असलं तर स्लीपरमध्ये उभं राहून जाता येतं ना?

---

रुळमोजणी

नाही. १ मे २०२५ पासून ते कडक केलंय. वेटिंगचं तिकीट ऑनलाइनचं असो वा खिडकीचं, आरक्षित डब्यात चालत नाही. ऑनलाइन पूर्ण वेटिंग असेल तर तक्ता लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीचं असेल तर जनरल डबा, किंवा तिकीट रद्द.

तक्ताही आता आधी लागतो. पूर्वी सुटायच्या चार तास आधी लागायचा, आता आठ-दहा तास आधी. रात्रीच्या गाडीचं दुपारीच कळतं. तक्ता लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगला (तक्त्यानंतरच्या आरक्षणाला) येतात. पावसाळ्यातल्या मधल्या वारी जनशताब्दीला तशा मिळतात, मे महिन्यात आशा धरू नका.

---

खाजेवाला

जनरलचा कोणी लिवलाच नाय. सगळ्यांका एसी मिळता काय?

---

मोगरणा

बरोबर आहे, लिहिते.

मुंबईकडे जाताना कुडाळला जनरल डब्यात चढायचं तर गाडी कुठून सुटते ते आधी बघा. कोकणकन्या आणि मांडवी मडगावहून सुटतात, कुडाळला येईपर्यंत जनरलमध्ये बसायला जागा राहत नाही. तुतारी (११००४) आणि दिवा पॅसेंजर (१०१०६) सावंतवाडी रोडहून सुटतात. बसून जायचं असेल तर कुडाळच्या लोकांनीही उलट दिशेने सावंतवाडी रोडला जाऊन तिथे गाडीत बसावं. सुट्टीच्या दिवसांत हे सर्रास चालतं. पण तिकीट सावंतवाडी रोडपासूनचं काढा. कुडाळपासूनचं तिकीट खिशात आणि माणूस सावंतवाडीपासून गाडीत, म्हणजे मधल्या टप्प्यापुरता विनातिकीट. सावंतवाडी रोड ते कुडाळ एवढ्यासाठी दंड भरणं परवडत नाही.

मोबाईलवर अनारक्षित तिकीट काढलं तर ते अ‍ॅपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट शो करायला लागेल तेव्हा बॅटरी असू द्या. १९९ किमीपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. दुपारीच काढून ठेवलं आणि गाडी रात्री, तर ते तिकीट बाद. २०० किमीच्या पुढचं तीन दिवस आधी काढता येतं.

जनरल डबे साधारण गाडीच्या दोन टोकांना असतात. कुडाळला थांबा दोन-तीन मिनिटांचा. फलाटाच्या मध्यावर उभं राहून गाडी आल्यावर धावत सुटण्यापेक्षा आधीच टोकाला जाऊन उभं राहा. डबा कुठे लागतो ते स्टेशनवर विचारलं की सांगतात.

---

दूरचा_चाकरमानी

हे किलोमीटरचं काय गौडबंगाल आहे? नकाशावर मुंबई–मडगाव अंतर पावणेसहाशेच्या आसपास भरतं, तिकिटावर ७६५ छापलेलं असतं.

---

रुळमोजणी

गौडबंगाल नाही. कोकण रेल्वेच्या हद्दीत भाड्यासाठीचं अंतर ४० टक्के वाढवून धरतात. मार्ग बांधायला आलेला खर्च (बोगदे, पूल, डोंगर कापून काढलेले पट्टे) भाड्यातून वसूल करायची ती व्यवस्था. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, तिथे खरे किलोमीटर. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे, तिथे वाढीव. म्हणून त्याच अंतराचं देशावरचं तिकीट स्वस्त आणि कोकणातलं महाग पडतं.

वर मोगरणाने १९९-२०० किमीचा नियम सांगितलाय, तिथेही तिकिटावर छापलेले किलोमीटर बघायचे, नकाशावरचे नव्हेत.

---

लूपलाईन

गाड्या का रखडतात ते थोडं सविस्तर लिहितो, कारण 'सिग्नल नाही म्हणून थांबली' या पलीकडे कोणी जात नाही.

रोहा ते वीर हा पट्टा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे एकच रूळ. समोरून गाडी येत असेल तर दोघींपैकी एकीला आधीच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर घ्यावं लागतं. दोन क्रॉसिंग स्टेशनांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी थांबणारीची शिक्षा मोठी. म्हणून अलीकडे मधे नवी क्रॉसिंग स्टेशनं घातली. आपल्या जिल्ह्यातलं आचिर्णे आणि त्याच्या अलीकडचं खारेपाटण रोड ही त्यातलीच. तिथे किती माणसं चढतात-उतरतात यावर त्यांचा उपयोग मोजायचा नसतो.

कोणाला थांबवायचं याचा क्रम ठरलेला. वंदे भारत, राजधानी यांना वाट करून द्यायची, मग इतर सुपरफास्ट, मेल-एक्सप्रेस, सर्वात शेवटी पॅसेंजर. दिवा–सावंतवाडी सगळ्यांसाठी बाजूला होते. आणि एकदा का गाडी आपल्या ठरलेल्या वेळेतून घसरली की पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगला तिचा नंबर मागे जातो. अर्धा तास उशीर दीड तास होतो तो असा. त्यात गाडी कुठेही 'बंद' पडलेली नसते.

आणखी एक. गाडी शेवटच्या स्टेशनात वेळेवर पोचावी म्हणून वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला राखीव मिनिटं घातलेली असतात. त्यामुळे 'कोकणकन्या मडगावला फक्त दहा मिनिटं उशिरा पोचते' या आकड्यावरून कुडाळचा अंदाज बांधू नका. ती राखीव मिनिटं कुडाळच्या पुढची. कुडाळचा उशीर मडगावपेक्षा बहुधा जास्तच असतो.

विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याने इंजिन बदलायचा वेळ आणि डिझेल वाचलं, क्रॉसिंग वाचलं नाही. त्याला दुसरा रूळच हवा.

---

कर्लीकाठ

पावसाळी वेळापत्रकाचं आता तूच लिही.

---

लूपलाईन

पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. या काळात सगळ्याच गाड्यांचा कमाल वेग कमी ठेवतात. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर चालकाने ताशी ४० च्या वर जायचं नाही असा नियम आहे. कटिंगमध्ये (डोंगर कापून काढलेल्या पट्ट्यात) दरड आलेली असेल तर ती दिसल्यावर थांबता आलं पाहिजे, एवढं साधं कारण. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या ६४ मीटर उंच पुलासारख्या ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. वारा मर्यादेपलीकडे गेला की गाडी अलीकडच्या स्टेशनात थांबवतात. प्रवाशाला वाटतं विनाकारण उभी आहे.

कामाचा भाग : मुंबईहून येणाऱ्या गाड्या पावसाळ्यात कुडाळला उशिरा पोचतात हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतं ते उलट दिशेचं. मुंबईला ठरलेल्या वेळी पोचायचं म्हणून परतीच्या काही गाड्या लवकर सुटतात. मेमधली वेळ डोक्यात ठेवून जुलैत स्टेशनावर आलं की गाडी निघून गेलेली. तिकिटावरची वेळही आधीच्या आरक्षणाची असेल तर आदल्या दिवशी १३९ वर (रेल्वेची हेल्पलाइन) किंवा एनटीईएसवर (गाड्यांची सद्यस्थिती दाखवणारी रेल्वेची सेवा) पुन्हा तपासा.

वंदे भारत पावसाळ्यात आठवड्यात तीनच दिवस असते. इतर दिवसांत सहा.

---

दूरचा_चाकरमानी

मग वंदे भारतने कणकवलीला उतरून मालवणला जाणं फायद्याचं आहे का?

---

कर्लीकाठ

तासांचा हिशेब गाडीत संपत नाही, रस्त्यात संपतो. कणकवली–मालवणचं अंतर कुडाळ–मालवणच्या दीडपट आहे. आचऱ्यावरून गेलात तर वेगळी वाट, कसालवरून कट्ट्यामार्गे गेलात तर वेगळी. न्यायला स्वतःची गाडी येणार असेल तर कणकवली चालेल. एसटीने जाणार असाल तर कुडाळला उतरणारी गाडीच बरी.

पण आचरा, मसुरे, आंगणेवाडी या बाजूला जायचं असेल तर उलट. तिथे कुडाळ लांब पडतं, कणकवली बरी. कोणत्या गावाला कोणतं स्टेशन हे असं बघायचं :

देवगड, कुणकेश्वर : कणकवली किंवा नांदगाव रोड. नांदगावला गाड्या कमी थांबतात.
आचरा, मसुरे : कणकवली.
कसाल, कट्टा : सिंधुदुर्ग (ओरोस).
मालवण, तारकर्ली, परुळे, निवती, वेंगुर्ला : कुडाळ.
शिरोडा, रेडी : सावंतवाडी रोड. स्टेशन मळगावात, मळेवाडकडे जाणारा रस्ता तिथूनच. शहरात जायची गरज नाही.
आंबोली : सावंतवाडी रोड, पण शहरातल्या बसस्थानकात जाऊन.

---

मोगरणा

पश्चिम उपनगरवाल्यांसाठी भर : वांद्रे टर्मिनस–मडगाव (१०११५) ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी २९ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली. बोरिवली, वसई, भिवंडी, पनवेलवरून येते. दादर-ठाण्याला जायचा त्रास वाचतो. आपल्या जिल्ह्यात तिला कणकवली, सिंधुदुर्ग आणि सावंतवाडीचा थांबा मिळाला. मालवणला जाणाऱ्याने तिने आल्यावर ओरोसला उतरून कसालमार्गे जावं.

---

खाजेवाला

आंगणेवाडीचा नाव इला म्हणान सांगतंय. जत्रेची तारीख पंचांगात गावत नाय, देवीचो कौल घेवन ठरता. तवसर रेल्वेक पण गाडी जाहीर करूक येना नाय. तारीख भायर पडली रे पडली की आधी नियमित गाडयेचा तिकीट बगा, खास गाडयेची वाट बगत बसा नको. ती येतली, पण तवसर कोकणकन्या भरतली.

---

घाटमाथ्यावरून

कुडाळला उतरल्यावर मालवणची एसटी स्टेशनावरून मिळते की गावातून?

---

कर्लीकाठ

बसस्थानकातून धरा. स्टेशनाबाहेर रिक्षा उभ्या असतात. बसस्थानकापर्यंतचं भाडं बसायच्या आधी बोलून घ्या. थेट मालवणपर्यंत रिक्षा करणार असाल तर तीन माणसं आणि सामान असा विचार करून बोला, आणि 'मालवण' म्हणजे बाजारपेठ की तारकर्ली की देवबाग हे आधीच स्पष्ट करा. देवबाग मालवणपासून आणखी दूर, खाडीच्या टोकाला. वाद तिथेच होतात.

कोकणकन्या वेळेवर असेल तर एसटीची अडचण नाही. अडचण मांडवीने किंवा दिवा पॅसेंजरने येणाऱ्यांची. पॅसेंजर दीड तास उशिरा आली की मालवणची शेवटची बस गेलेली असते. त्या गाडीने यायचं तर कणकवली सोडली की फोनवरून रिक्षा ठरवा, किंवा रात्री कुडाळलाच राहायची तयारी ठेवा.

परतीला उलट काळजी. रात्रीच्या कोकणकन्येसाठी मालवणहून संध्याकाळी निघताना शेवटच्या नव्हे, त्याच्या आधीच्या बसने निघा. शेवटची रद्द झाली तर हाती काही राहत नाही. मालवण स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाला त्याच दिवशी दुपारी विचारलं की ती फेरी जाणार का ते कळतं. इंटरनेटवरच्या वेळा गावच्या फेऱ्यांसाठी भरवशाच्या नाहीत.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. आधार कार्ड सामानाच्या तळाशी ठेवू नका.

---

दूरचा_चाकरमानी

मेमध्ये आंब्याच्या पेट्या नेता येतात का गाडीत? की पार्सलच करावं लागतं?

---

रुळमोजणी

सोबत नेता येतात, वजनाची मर्यादा आहे. जनरल आणि सेकंड सीटिंगला माणशी ३५ किलो, स्लीपर आणि थ्री एसीला ४०, टू एसीला ५०. पाच डझनी लाकडी पेटी फळाच्या आकाराप्रमाणे १५ किलोच्या वर भरते. दोन पेट्या आणि एक बॅग इथवर कोणी हरकत घेत नाही. चार पेट्या आणल्या तर पार्सल ऑफिसात बुक करा.

पेटी सीटखाली आडवी सरकवायची. वरच्या बर्थवर ठेवली तर रात्री एसीची थंड हवा थेट तिच्यावर येते आणि पिकायला घातलेल्या फळाचं पिकणं मंदावतं. लोखंडी पट्टीचं टोक बाहेर आलेलं नाही ना ते बघा. खालच्या माणसाचा पाय कापला की आंबे देऊनही भांडण मिटत नाही.

---

घाटमाथ्यावरून

आणि स्वतःची मोटार रेल्वेवर घालून न्यायची योजना आली होती ना?

---

लूपलाईन

ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या आधी सुरू केली. कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, एका फेरीत ४० मोटारी, एका मोटारीला ७,८७५ रुपये, सोबत तिघंच, त्यांचं तिकीट वेगळं. ट्रकची रो-रो (भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून नेणं) कोकण रेल्वेवर १९९९ पासून चालते, तीच कल्पना मोटारींना लावली. पण कोकणात उतरणाऱ्याला वेर्ण्याला नेऊन सोडलं तर तो परत उत्तरेकडे कशाला येईल? प्रतिसाद थंड आला, म्हणून मग नांदगाव रोडला चढ-उताराची सोय केली. कोलाडपर्यंत मोटार चालवत जायचं, गाडी सुटायच्या तीन तास आधी पोचायचं, आणि नांदगावहून पुन्हा चालवायची. महामार्गाची जी अवस्था असेल तिच्याशी तुलना करून ज्याने त्याने ठरवावं. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला तिघांची अट अडते.

---

शेवटचा_डबा

कुडाळला उतरणाऱ्यांसाठी राहिलेली गोष्ट. कणकवली आणि कुडाळच्या मधे सिंधुदुर्ग स्टेशन आहे. तुमची गाडी तिथे थांबत असेल तर 'कणकवलीनंतरचं दुसरं', नसेल तर 'कणकवलीनंतरचं पहिलं'. नुसता थांबे मोजायचा हिशेब ठेवून बरेच जण ओरोसला उतरतात. कणकवली सुटली की सामान खाली काढा, पाटी वाचून मगच उतरा. कोकणकन्येत सकाळी दारात गोव्याला जाणाऱ्यांच्या बॅगा रचलेल्या असतात, दोन मिनिटांत त्यातून वाट काढणं अवघड. डब्याचं दुसऱ्या बाजूचं दार आधीच बघून ठेवा.

---

खाजेवाला

आणि कुडाळाक उतराक गावला नाय तर झारापाक उडी मारू नको. सावंतवाडेक उतर, थंयसून एसटी असा.